वीणेचा पहारा

सांगलीला नातीकडे गेले की कोपऱ्यावरच्या देवळातून बुक्क्याचा वास येतो आणि मी थेट रहिमतपुरात जाऊन पोचते. स्वातंत्र्य यायच्या आधीची गोष्ट. मी नऊ वर्षांची असेन.

देवळात सप्ताह बसला होता. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. दुपारचा पहारा माझ्या वडिलांचा, आबांचा होता. मी त्यांची भाकरी घेऊन गेले होते. तेवढ्यात कुंभाराचं घर पेटल्याची आरोळी आली. चार टाळकरी होते ते धावले. आबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि वीणा माझ्या गळ्यात घातली.

"धर गं. टेकवू नगंस."

"आबा, बायका कुटं घेत्यात ईणा?"

"आजपासनं घेत्यात," म्हणत ते पळालेसुद्धा.

खांदा भरून आला, पण मी नाम घेत उभी राहिले. आबा परतले तेव्हा हात काळे, मिशी करपलेली. मागून आलेले एक म्हातारबुवा कडाडले, "आवं, पोरीच्या गळ्यात ईणा?"

"भुईला टेकली न्हाई न्हवं? तिकडं कुंभाराची दोनी लेकरं भाईर काढली. देवाचं काय ऱ्हायलं?"

वीणा घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं, ही आमच्याकडची रीत. आबांनी हात धुतले आणि सगळ्यांदेखत माझ्या धुळकट पायांवर डोकं ठेवलं. मिशीच्या गुदगुल्या झाल्या म्हणून मी खुदकन हसले.

आता बुक्क्याचा वास आला की मी पाय पोटाशी घेते.