वासितीचे बूट

माझ्या नणंदेचे पाय गावात प्रसिद्ध होते. पुरुषाला लाजवतील एवढे मोठे. नदीकाठच्या चिखलात तिचं पाऊल उमटलेलं दिसलं की लोक सांगत, वासिती शिंपल्यांना गेली. थट्टा करण्यात मी सगळ्यांच्या पुढे. आमच्यात नणंद-भावजयीला एकमेकींची हवी तेवढी टिंगल करायची मुभा असते, आणि देवाच्या दयेनं माझं तोंड मुळातच फटकळ. "तुझ्या एका चपलेची होडी झाली असती गं," मी म्हणायची. ती म्हणायची, "झाली असती वहिनी, पण तू बसल्यावर बुडाली असती."

याच पायांनी तिनं माझ्या नवऱ्याला, पेथेलीला, वाढवलं. आई लवकर गेली. धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन ही आमच्या बेटाच्या किनाऱ्यावरच्या, सिंगातोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर चढायची, वरून त्याला समुद्र दाखवायची. भाऊ मोठा झाला, धाकटी बहीण लग्न होऊन डोंगरातल्या गावी गेली, आणि हिचं लग्न राहून गेलं ते गेलंच. बाजारात वांगी विकावीत, संध्याकाळी चटया विणाव्यात, चहात साखर घ्यावी ती चमचा उभा राहील एवढी. कुणाकडे कधी काही मागितलं नाही.

मग साखरेनं आपला हिशेब सुरू केला. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं तिच्या तळव्याला सुई टोचून पाहिली. वासिती खिडकीबाहेर बघत वांग्यांना लागलेल्या किडीबद्दल बोलत होती. मधेच तिनं विचारलं, "अजून टोचलं नाहीत का?" सिस्टर हसायची थांबली.

"रोज चालायचं," सिस्टर म्हणाली. "पण अनवाणी नाही, चपलेवर नाही. बंद बूट, जाड तळव्याचे, चांगल्यातले. तुमच्या पायाला आता काही कळत नाही बाई. तुमच्या वतीनं बुटाला कळलं पाहिजे."

घरी येऊन वासितीनं जाहीर केलं की ख्रिसमसच्या आत वाळूची टेकडी चढून दाखवणार. त्या टेकडीवर आमचे रग्बीवाले धावायचा सराव करतात, आणि तेसुद्धा अर्ध्यात ओकतात. गावानं आठवडाभर हसून घेतलं.

"वर चढलीस तर खाली आणायला बैल लागेल," मी म्हणाले.

"म्हणून तर तुला बरोबर नेणार आहे."

तिनं हे काम अर्धवट केलं नाही. बहिणीची मुलगी तालेई, तिच्या लग्नात द्यायला विणलेली रुंद चटई होती, कडेला रंगीत लोकरीची झालर असलेली. ती तिनं विकली. मी म्हटलं, अगं, जुन्या कपड्यांच्या दुकानात वापरलेले बूट मिळतात, झकास असतात. तर म्हणाली, "जन्मभर दुसऱ्याचं उतरलेलंच घातलं. पाय माझे आहेत ना? एकदा त्यांच्यासाठी नवं घेते." लौतोका शहरात जाऊन ती बूट घेऊन आली. राखाडी, वर निळा पट्टा, तळवा असा की अंगठा दाबला तर आत जाऊन परत वर यायचा. घालण्याआधी तिनं पाय धुतले आणि बोटांच्या बेचकीतून कोरडे पुसले. 

आम्ही पहाटे चालायला लागलो. आधी पुलापर्यंत, मग पुलापलीकडे. ती साखरेशिवाय चहा प्यायची आणि माझ्या कपाकडे अशी बघायची की मला घोट उतरत नसे. साखर खाली आली. सिस्टर खूश. वासिती रात्री शांत झोपायला लागली.

परत आल्यावर बूट ती सगळ्यांसारखे दाराबाहेर पायरीवर काढायची. मी म्हणायची, आत पलंगाखाली ठेव. "लपवायला चोरून आणलेत का?" ती म्हणायची. आमच्यात केरेकेरे म्हणून नातलगानं, शेजाऱ्यानं वस्तू मागितली की द्यायची. ती भीक नसते. आज त्यानं मागितलं, उद्या तुम्ही मागाल. वादळात माझं छप्पर उडालं तेव्हा पत्रे असेच मागून आणले, त्यामुळे रिवाजाला शिव्या द्यायला मला तोंड नाही. पण जी बाई कधीच मागत नाही तिच्याकडून वस्तू फक्त जातात, हे मला दिसत होतं.

तालेई आली. राजधानीत, सुव्याला, मुलींच्या रग्बी संघाची निवड होती आणि तिला बोलावणं आलं होतं. आमच्यात मावशी म्हणजे मोठी आईच. पोरगी दारात मांडी घालून बसली, रिवाजाप्रमाणे हलक्या टाळ्या वाजवल्या आणि मान खाली घालून म्हणाली, "केरेकेरे, मोठी आई. सरावाला तुझे बूट दे. आपल्या घरात तुझ्या मापाचा पाय माझाच आहे. निवड झाली की आणून देते."

मी स्वयंपाकघरातून पातेलं आपटलं. "अगं, ते बूट नाहीत, ते तिचं..."

"वहिनी!" वासिती ओरडली. तिनं मला असं कधी गप्प केलं नव्हतं. तिनं बूट झग्यानं पुसले, नाड्या एकमेकींना बांधल्या आणि पोरीच्या गळ्यात घातले.

ती गेल्यावर मी भडकले. "पायाचं सांगितलं का नाहीस तिला?"

"सांगितलं असतं तर घेतले नसते तिनं."

तालेईच्या लग्नाची चटई तालेईच्याच पायात गेली. तिची निवड झाली, ती सुव्यातच राहिली आणि बूटही तिथेच राहिले. पोरीचा काय दोष? मी वासितीला म्हटलं, निरोप पाठव. दिलेलं परत मागतात का, म्हणाली. मग दुसऱ्या कुणाकडे माग, चुलत दिराकडे तसे बूट आहेत. नुसती मान हलवली. राग येतो मला अजून. बाईनं जन्मात एकदा तोंड उघडायला हवं होतं.

ख्रिसमस जवळ आला होता. ती रबरी चपला घालून चालायला लागली. एका चपलेचा पट्टा भोकातून निसटायचा, म्हणून सगळं गाव करतं तसंच तिनं खालून तार ओवून पीळ दिला. मी म्हटलं, टेकडीचं राहू दे या वर्षी. "कमावलेला दम जाईल," ती म्हणाली.

आणि खरंच चढली. मी अर्ध्यात वाळूत बसले, जीभ बाहेर. ती एकेक पाऊल रोवत गेली आणि माथ्यावर उभी राहून दोन्ही हात हलवायला लागली. मी कशीबशी पोचले तेव्हा ती रडत होती. समोर समुद्र, बाजूला नदीचं मातकट पाणी त्यात शिरत होतं. "पेथेलीला खांद्यावरून इथंच आणायची," ती म्हणाली. "वहिनी, मी म्हातारी झालेच नाहीये गं." एवढी आनंदी मी तिला कधी पाहिली नव्हती, आधी नाही आणि नंतर तर नाहीच.

घरी आलो. ती चटईवरून स्वयंपाकघराकडे गेली. "कसावा उरलाय का?" तिनं विचारलं. मी चटईकडे बघत होते. दारापासून तिच्यापर्यंत तांबडे डाग होते आणि उजवी चप्पल दाराबाहेर निघालीच नव्हती, पायातच होती. तारेचं टोक तळव्यात रुतलं होतं. आख्खी टेकडी ती त्याच्यावर चढली होती.

"उरलाय का नाही?" तिनं पुन्हा विचारलं.

पाला लावला, प्रार्थना केली, चार शहाण्या बायकांनी चार उपाय सांगितले. वास यायला लागल्यावर मोठ्या हॉस्पिटलात नेलं. उजवा पाय गुडघ्याखाली काढला.

गाव लोटलं. चटया, अळूचे कंद, माशांचे डबे, काही कमी पडू दिलं नाही. तालेईला तेव्हा कळलं. पहिल्या कमाईतून ती नवे बूट घेऊन आली, तसेच राखाडी, तसाच निळा पट्टा. अख्खा जोड. वासितीच्या मांडीवर डोकं ठेवून ती हुंदके देत राहिली आणि वासितीच तिला थोपटत राहिली.

पेथेलीनं कुबड्या केल्या. आमच्यात मोठे झालेले भाऊ-बहीण समोरासमोर बोलत नाहीत, म्हणून त्यानं त्या न बोलता भिंतीला टेकवून ठेवल्या आणि मागच्या अंगणात जाऊन रडला.

मग शेजारची मेरेवाई आली. तिचा नवरा रस्त्याच्या कामावर असतो. तिनं टाळ्या वाजवल्या आणि नीट, मानानं विचारलं, "केरेकेरे, वासिती. ते बूट नुसतेच पडलेत. माझ्या नवऱ्याला होतील."

"नाही," वासिती म्हणाली.

मेरेवाईला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मलाही तेच वाटलं.

"नाही देणार. एक पाय आहे मला अजून."

गावात आठवडाभर तोच विषय. पायाबरोबर वासितीची रीतही कापली, असं एक बाई म्हणाली. मी त्या बाईशी अजून बोलत नाही. मला तर आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी वासितीनं पाय धुऊन कोरडा केला, डाव्यात बूट घातला आणि कुबड्यांवर दारापर्यंत गेली. मग पायरीपर्यंत. "होडी अर्धीच राहिली गं," मी भीत भीत म्हटलं. "आता तू बसच," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

गेल्या आठवड्यात सिस्टर घरी आली. वासिती दारात बसली होती. सिस्टरनं डावा पाय मांडीवर घेतला, बूट उतरवला आणि सुई काढली. वासितीनं या खेपेला बाहेर बघितलं नाही. ती सुईकडेच बघत होती. सुई अंगठ्याला टेकली, मग तळव्याच्या मध्यावर, मग टाचेला. पाय एकदाही आखडला नाही.

सुई पिशवीत गेल्यावर वासितीनं उतरवलेला बूट उजव्याशेजारी ठेवून जोड पूर्ण केला आणि नाड्या एकमेकींना बांधल्या.

"वहिनी," ती म्हणाली, "मेरेवाईला निरोप दे. बूट घेऊन जा म्हणावं."

मी अजून निरोप दिलेला नाही.