आतल्या खोलीतली सातवी

नागपुरात अजनीला आमच्या रेल्वे क्वार्टरला दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत रस्त्याचा उजेड यायचा. आतल्या खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या क्वार्टरच्या भिंतीसमोर. त्या आतल्या खोलीत माझ्या मुलीनं आणि मी मिळून सातवी सुरू केली. ती बारा वर्षांची होती, मी चौतीस.

सहावी पास झाली त्याच उन्हाळ्यात तिचे सांधे सुजले. आधी गुडघा, मग घोटा, मग मनगट. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, सांध्यांचा ताप आहे, पण हृदयापर्यंत गेलाय. वर्षभर शाळा बंद. जिना चढायचा नाही, पळायचं नाही, शक्यतो खाट सोडायची नाही, आणि दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. घरी आल्याबरोबर मी कॅलेंडरवर एकवीस-एकवीस मोजून वर्षभराच्या खुणा करून टाकल्या. यादी केली की माझी भीती थोडी कमी होते. अजूनही होते.

शाळेत गेले तर मोठ्या बाई म्हणाल्या, "नाव तर काढावं लागेल, एवढ्या गैरहजेरीवर ठेवता येत नाही. पण तुम्ही सातवी घरी करून घ्या. पुढच्या जूनमध्ये आम्ही आमच्या पुस्तकांवर तिची परीक्षा घेऊ. पास झाली तर आठवीत, आपल्या वर्गाबरोबर. नाही झाली तर सातवी पुन्हा."

सरळ वाटलं. पण माझ्या नवऱ्याचं नाव बदलीच्या यादीत वर आलं होतं. तो पार्सल ऑफिसात होता आणि जायचं होतं आमल्याला. आमला म्हणजे मध्यप्रदेश, सगळी शाळा हिंदीत. तिथल्या एका शाळेत घरी शिकणाऱ्या मुलांना परीक्षेला बसू देत होते. म्हणजे इथली मराठी पुस्तकं पाठ करून तिकडे गेलो तर सातवी फुकट. आणि तिकडची हिंदी पुस्तकं करून बदली झालीच नाही, तर इथली आठवी गेली. तिसरा रस्ता त्याच्या साहेबांच्या बायकोनं दाखवला. त्यांच्या मुलाची इंग्रजी पुस्तकं कपाटात पडून होती. "वो कहीं भी चलेगी," त्या म्हणाल्या.

मी वहीच्या दोन पानांवर तीन रकाने आखले. डाव्या बाजूला मुद्दे लिहिले: पुस्तकं कुठे मिळतील, मला स्वतःला शिकवता येईल का, गणित कुठवर आहे, बदली झाली तर चालेल का, नाही झाली तर चालेल का, परीक्षा कधी, शाळेला पायऱ्या किती. चौदा मुद्दे झाले. इंग्रजीचा रकाना पहिल्याच संध्याकाळी पडला, कारण विज्ञानाचं पहिलं पान मलाच कळलं नाही. उरले दोन. मी काटोलला शिकले तेव्हा, महाराष्ट्र व्हायच्या आधी, आमचा हा सगळा भाग मध्यप्रदेशातच होता, त्यामुळे हिंदी मला चांगली येत होती. चौदापैकी नऊ मुद्दे हिंदीकडे गेले. बदली नक्की होणार असं ऑफिसात सगळेच म्हणत होते.

सासूबाई दाराशी बसून तांदूळ निवडत होत्या. मी नवऱ्याला सांगत होते, "हिंदीच घेऊ. आमल्याले परीक्षेले बाहेरून बसवता येते तिले."

सासूबाईंचा हात सुपात थांबला.

"बाहेर काहून बसन वं माही नात?"

"बाहेर नाही, बाहेरून. म्हणजे शाळेत न जाता..."

"मले नको शिकवू. तिच्या आज्याले व्हरांड्यात बसवत होते, वर्ग आतमंधी अन् हा बाहेर. पावसात पाटी भिजे त्याची. थे झालं एक डाव. आता कोन बाहेर बसवते थे सांग, मी येतो संगं."

"माय, तसं नाही गा थे," नवरा म्हणाला.

"गा म्हनू नको मले, मी काय मानूस हाव?" सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडे 'गा' पुरुषालाच म्हणतात. आम्ही दोघं हसलो. त्या हसल्या नाहीत. मी मनात म्हटलं, यांना फॉर्म-परीक्षेतलं काय कळतं. यादीत त्यांचा मुद्दा घेतला नाही.

मुलीचाही घेतला नव्हता. तिला मी फक्त निर्णय सांगितला. ती "बरं" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. आजारी मुलं बरं म्हणतात तेव्हा आपण त्याला होकार समजतो.

आमल्याहून येणाऱ्या गाडीच्या गार्डाकरवी पुस्तकं आली, गणित आणि विज्ञान. भाषेचं पुस्तक मागून येणार होतं. वेळापत्रक मी स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलं. सकाळचा डबा गेला की गणित, जेवण आणि औषध झालं की विज्ञान, चार वाजता शुद्धलेखन. संच म्हणायचं नाही, समुच्चय म्हणायचं. अपूर्णांक नाही, भिन्न. ती म्हणायची. मी पोळ्या लाटता लाटता पुढचा धडा वाचून ठेवायची. दुपारी बारा ते चार वाळ्याची ताटी भिजवत राहायचं, ती वाळली की खोलीत श्वास कोंडायचा. पाऊस सुरू झाल्यावर ताटी काढली, तर समोरच्या भिंतीचा ओला वास आत येऊ लागला. त्या चार महिन्यांत मी बर्डीच्या बाजारात तीनदा गेले आणि तिन्ही वेळा औषधासाठी. माझं माहेर, काटोल, दीड तासावर होतं. तिकडे एकदाही गेले नाही.

शनिवारी तिच्या दोघी मैत्रिणी शाळेतून परस्पर यायच्या. खाटेच्या कडेला बसून वर्गातल्या गोष्टी सांगायच्या, कोणाला बाईंनी उभं केलं, कोणाची वेणी बाकाला बांधली. त्या गेल्या की ती भिंतीकडे वळून पडून राहायची. मी समजायची, थकली.

दसऱ्याच्या सुमाराला आमल्याच्या शाळेचा फॉर्म आला. हिंदीत, दोन बाजू छापलेला. मी एका कागदावर त्याची नक्कल उतरवली आणि तिला म्हटलं, "हे भर आधी. खाडाखोड होऊ दे याच्यावर, मग मी पक्क्यावर उतरवते. शुद्धलेखनही होईन तेवढंच."

अर्ध्या तासानं तिनं कागद दिला. अक्षर सुरेख होतं.

शिक्षा का माध्यम : खाट।
शिक्षा का स्थान : अंदर की खोली।
शिक्षा कब से आरंभ हुई : जून से।
पूर्व शिक्षा का विवरण : एक बार। चौथी में। अंगूठे पकड़े।
शिक्षा देनेवाले का नाम : आई।

मी दोनदा वाचलं. आमच्या नागपूरच्या रस्त्यावरची हिंदी तिला फाडफाड येत होती, पण त्या हिंदीत सगळे पढाईच म्हणतात. शिक्षा हा शब्द तिला मराठीतूनच माहीत होता.

संध्याकाळी नवऱ्याला दाखवला. तो अंगठ्यांच्या ओळीपर्यंत पोट धरून हसला. पुढची ओळ वाचली आणि कागद माझ्याकडे परत दिला. चहा न पिताच अंगणात गेला.

मी आतल्या खोलीत गेले. "अगं, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण वं."

"अन् मग शिक्षेले काय म्हणते?"

"सजा."

"मले काय मालूम. मले वाटलं, घरी ठेवलेल्या पोरीइले इचारत असन, किती झाली म्हणून."

"तुले कायची शिक्षा देईन मी?"

"थेच तं मी इचार करून राहिली होती," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. खरोखरच विचार करून न सुटलेल्या गणितासारखं सांगत होती. "मी काही केलंच नाई. दुखलं फक्त. मग माही शाळा काहून बदलून राहिली तू?"

"बाबांची बदली आहे ना."

"मले आमल्याले नाई जायचं. मले आठवीत जायचं हाय, आमच्याच. त्या दोघी जाईन अन् मी इथंच राहीन भिंतीपाशी."

"मग बोलली का नाहीस आधी?"

"तू इचारलंच नाई."

इचारलं नव्हतं. पायऱ्या मोजल्या होत्या.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना मी नवऱ्याला म्हटलं, "इथलीच पुस्तकं घेते."

"अन् बदली आली तं?"

"तुम्ही जा. आम्ही तिघी राहू."

"क्वार्टर सोडा लागन."

"सोडू."

तो डबा घेऊन गेला. सासूबाई मोरीपाशी भांडी विसळत होत्या. त्या म्हणाल्या, "बाहेरची परीक्षा गेली का?"

"गेली."

"चांगलं झालं. पान्यानं पाटी भिजते बाहेर."

त्याच दिवशी बर्डीला जाऊन मी सातवीची जुनी पुस्तकं आणली. इतिहासाच्या पुस्तकात कोणीतरी सगळ्या राजांना चष्मे काढले होते. मुलगी ते पाहून बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसली. चार महिने गेले होते. मी पुन्हा वेळापत्रक केलं आणि उरलेले धडे उरलेल्या आठवड्यांत बसवले. ते बसत नव्हते. रविवार काढून टाकला तेव्हा बसले. समुच्चयाचा परत संच झाला, भिन्नाचा अपूर्णांक झाला, आणि ती मध्येच हिंदीत उत्तर देऊन कपाळावर हात मारायची.

बदली जानेवारीत आली. मुलांचं शिक्षण चालू असेल तर वर्ष संपेपर्यंत क्वार्टर ठेवता येतं असा नियम होता. त्यासाठी शाळेचा दाखला हवा. मी मोठ्या बाईंकडे गेले. त्या खरंच हळहळल्या, पण नाव पटावर नसलेल्या मुलीचा दाखला त्या देणार कशा? ती दिवसाला सहा तास शिकत होती, आणि कागदावर तिचं शिक्षण चालू नव्हतं. नवरा ट्रंक घेऊन आमल्याला गेला. आम्ही तिघी जवळच्याच वस्तीत तळमजल्यावरच्या एका खोलीत आलो. इथे आत-बाहेर असा प्रश्नच नव्हता. खाट, चूल, सासूबाईंचं अंथरूण, पुस्तकांची पेटी, सगळं एका नजरेत. कोणी खोकलं तरी तिघींची झोप मोडायची. नवऱ्याची पत्रं यायची, त्यात बहुतेक जेवणाचं असायचं, खानावळीत काय कच्चं राहिलं आणि काय करपलं. मला कधी कधी त्याचा हेवा वाटायचा. तो करपलेलं का होईना, बाहेर जाऊन खात होता. त्या खोलीत मी एकदा तिच्यावर भूगोलाचं पुस्तक फेकलं होतं. लागलं नाही. तिनं ते उचललं, पान सरळ केलं आणि पुढचं वाचायला लागली. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये शाळेनं तीन दिवस परीक्षा घेतली, तळमजल्यावर, मोठ्या बाईंच्या खोलीशेजारी. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. गणितात ती काठावर सुटली, बाकी सगळ्यांत बरी. मोठ्या बाई म्हणाल्या, "घेते आठवीत. वर्ग वर आहे, पण यंदा तुकडी खाली आणू." डॉक्टरांनी खेळाचा तास सोडून परवानगी दिली.

शाळा उघडली त्या दिवशी मी सायकलरिक्षा केली. फाटकाच्या पन्नासेक पावलं अलीकडे ती म्हणाली, "इथंच उतरव."

"काहून? फाटकापर्यंत जाऊ दे."

"नको. सगळ्या पाहून राहिल्या." तिनं दप्तर घेतलं. "अन् तू थांबू नको. मी पाचले पोरीइसंगं येईन, हळूहळू."

त्या दोघी फाटकाशी उभ्या होत्या. तिला पाहून पळत आल्या आणि मध्येच आठवण झाल्यासारख्या चालू लागल्या. तिघी आत गेल्या. तिनं मागं पाहिलं नाही. पाहावं असं मला वाटत होतं, पण पाहिलं असतं तर मी खाली उतरले असते.

रिक्षावाला थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "बाई, अब किधर?"

पाच वाजेपर्यंत सगळा दिवस माझा होता. बर्डी होती, महाल भागात माझी मावशी होती, काटोलची बस होती. मी पदर खोचला आणि म्हटलं, "घर." दुसरं काही सुचलंच नाही.