मोजणी होईपर्यंत फाटक बंद

पालक ही जमात मला आवडत नाही. मुलं आवडतात का, असं कोणी विचारलं तर मी जरा थांबून हो म्हणेन. पालकांच्या बाबतीत थांबावं लागत नाही. तलासरीत आम्ही दोघं नवरा-बायको शाळा सुटल्यावर मुलं सांभाळतो. सुरुवात केली २०१४ च्या जूनमध्ये, आणि पहिल्या आठवड्यात जे मत झालं ते पुढं पाच वर्षांत बदलावं असं काही घडलं नाही.

गरज खरी होती, हे मान्य. इंग्रजी शाळा दुपारी साडेबाराला सुटते, कचेऱ्या संध्याकाळी. कोणी तहसीलमध्ये, कोणी बँकेत, कोणी शिक्षक, कोणी हद्दीपलीकडं गुजरातेतल्या कारखान्यात. मधल्या वेळेत मूल कुठं ठेवायचं? बायकोनं बरीच वर्षं बालवाडी चालवली होती. मी कारखान्यात हिशेब बघायचो, ते सोडलं होतं. हायवेपासून आत, पूर्वी भाताची गिरणी होती ती कौलारू जागा आम्ही भाड्यानं घेतली. पुढं मोठं अंगण, सगळ्या जागेला तारेचं कुंपण आणि लोखंडी फाटक. मागं स्वयंपाकाची खोली आणि संडास, एकाच छपराखाली; तिथलं मागचं दार बाजूनं अंगणातच उघडायचं, फाटकातून दिसायचं.

मुलं तीस घ्यायची, एकतिसावं नाही, हे मी आधीच ठरवलं. एका मोठ्या माणसामागं दहा मुलं. बारा का नाही, असं विचारणाऱ्यांनी एक दुपार बारा मुलं सांभाळून पाहावीत. एक गट माझा, एक बायकोचा, एक नुकतीच डी.एड. झालेल्या मुलीचा. आतलं सगळं मावशीकडं. मावशी पाड्यावरची, चाळिशीची, माहेर सायवनचं. खिचडी तिची, संडासाला जाणाऱ्या मुलांवर नजर तिची, मागचं दार तिचं. प्रत्येक मुलाला नाव नोंदवलं त्या क्रमानं नंबर, गट कुठलाही असो, चटईवर तोच, दप्तरावर तोच, पाण्याच्या बाटलीवरही तोच. मुलांना ते फार आवडायचं. पालकांना वाटायचं, मी त्यांच्या पोरांना कैदी केलंय. माझ्या माघारी मला जेलर म्हणायचे. एक-दोघं तोंडावरही म्हणाले.

सगळ्यात जास्त भांडणं फाटकावर व्हायची. मूल कोणाच्या हातात द्यायचं ती दोन माणसं पालकांनी जूनमध्येच सांगायची. तिसऱ्याला मूल मिळणार नाही. एकदा एक काका मोटारसायकलवर आला.

"पुतण्याला न्यायला आलोय."

"तुमचं नाव आमच्याकडं नाही."

"मी काय चोर दिसतो का?"

"दिसण्यावर आम्ही मुलं देत नाही."

त्यानं भावाला फोन लावला. भाऊ तिकडून माझ्यावर ओरडला. मी म्हटलं, "तुम्ही या." तो धुसफुसत आला आणि मुलाला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीबाजारात मला ऐकू जाईल अशा आवाजात शेजाऱ्याला म्हणाला, "पोरं सांभाळणारे ते, पण ऐट कलेक्टरची." मी वांगी निवडत राहिलो.

अशी चार वर्षं गेली. २०१८ च्या दिवाळीनंतर जमीन हलायला लागली.

पहिल्यांदा वाटलं, हायवेवरून जड ट्रेलर गेला. मग भांडी वाजली आणि कौलांतून माती गळली. डहाणू-तलासरीकडच्या माणसाला त्या दिवसांबद्दल वेगळं सांगायला नको. आधी जमिनीच्या पोटात आवाज व्हायचा, मग धक्का. लोक थंडीत घराबाहेर झोपायला लागले. शाळा मैदानात भरायला लागल्या. आम्हीही अंगणात मांडव घातला आणि मुलांना छपराखालून बाहेर काढलं. आत जायचं ते फक्त संडासाला, तेही एकेकट्यानं, मावशीला सांगून.

भूकंपाचं मला जेवढं भय वाटलं नाही तेवढं पालकांचं वाटलं. पहिल्या मोठ्या धक्क्याला गावातल्या गावात असलेले सगळे आईबाप एकदम फाटकावर आले. स्कूटी आडव्या टाकल्या, चपला तिथंच राहिल्या. फाटक ढकलून आत घुसले आणि दिसेल त्या मुलाचा हात धरून ओढायला लागले. पहिलीतला एक मुलगा पायाखाली गेला. त्याच्या बोटांवरून कोणाचा तरी बूट गेला. कोणाचा ते आजतागायत कळलं नाही, कारण कबूल कोणीच झालं नाही. धक्क्यानं आमच्याकडं एक कौलसुद्धा पडलं नव्हतं. मुलाची बोटं सुजली ती पालकांमुळं.

मग मी सगळ्यांना बोलावून नियम सांगितला. धक्का बसला की शिट्टी वाजेल. मुलं अंगणात फक्कीनं आखलेल्या आपापल्या गोलात जातील आणि नंबर मोठ्यानं म्हणतील. तीनही गट पूर्ण झाले की फाटक उघडेल. एक जरी कमी असलं तर उघडणार नाही, कारण गर्दी आत आली की कमी कोण आहे ते सापडत नाही. कमी असेल तर मावशी आत बघेल, कारण आत कोण गेलंय ते तिलाच ठाऊक.

"पटतंय का?" मी विचारलं. सगळ्यांनी हात वर केले. पहिला हात दुसरीतल्या एका मुलीच्या आईचा. ती बँकेत कॅशियर. म्हणाली, "सर, एकदम बरोबर आहे. सिस्टीम पाहिजेच."

आणि मग फेब्रुवारीतली ती दुपार आली. मुलांचं खाणं झालं होतं, मावशी आत मागच्या दाराशी पातेलं घासत होती. आवाज आला, मांडवाचे बांबू करकरले. मी शिट्टी वाजवली. मुलं गोलात गेली. खरं सांगतो, मुलं बघण्यासारखी गेली. रडत होती त्यांनीही रडत रडत नंबर म्हटले. माझे दहा झाले. बायकोचे दहा झाले. तिसऱ्या गटाचे नऊ. नंबर सात नाही. नंबर सात म्हणजे त्या कॅशियरबाईची मुलगी.

तोवर फाटकावर पंधरा-वीस जण जमले होते. सगळ्यात पुढं तहसीलमधला एक कारकून. त्याचा मुलगा माझ्या गटात. तो दोन्ही हातांनी फाटक हलवत होता.

"उघडा! उघडा म्हणतो ना!"

"एक मूल कमी आहे. थांबा."

"कमी आहे ते तुमचं! माझं पोरगं इथं समोर उभं आहे. तुमची मोजणी माझ्या काय कामाची?"

"आधी मागं सरका."

"माझं पोरगं मला न द्यायला तुम्ही कोण लागून गेलात?"

मावशी मागच्या दारातून बाहेर आली होती. बायकोनं तिला ओरडून विचारलं, "सात नंबर आत आहे का?"

"मना दिसली नाय," मावशी म्हणाली. "मघाशी संडासाला गेलती. बाहेर आलती का, नाय ठावं. बघते." आणि ती वळून आत गेली. हा नियमच होता.

ती आत असताना दुसरा धक्का बसला. पहिल्यापेक्षा मोठा. मागच्या बाजूच्या कौलांचा एक अख्खा पट्टा वाशासकट खाली आला. तो आवाज मला शब्दांत सांगता येत नाही आणि सांगायचाही नाही. मुलं किंचाळली. मी आणि डी.एड.वाली मुलगी धावलो. मावशी संडासाच्या दाराशी पडली होती. उजवा खांदा वेडावाकडा, डोक्यातून रक्त. तिला शुद्ध होती. पहिलं वाक्य बोलली ते असं, "पोर इथं नाय. सगळं बघितलं."

आम्ही तिला चटईवर घालून बाहेर आणलं. मी फाटकाकडं पाहून ओरडलो, "गाडी आहे का कोणाची? आणि कॅशियरबाईंची मुलगी, सात नंबर, आत नाहीये, कोणी पाहिलंय का?"

तेव्हा तो कारकून म्हणाला, "ती होय? ती गेली की आईबरोबर. मागच्या तारेवरून उचलून घेतली न् स्कूटीवरून गेल्या दोघी."

"कधी?"

"मघाशीच. मी येत होतो तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

हे मी जसंच्या तसं लिहिलं आहे. माणूस असं बोलू शकतो यावर माझाही आधी विश्वास बसला नसता.

जीप मिळाली. बायको मावशीबरोबर सरकारी दवाखान्यात गेली. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, ते बसवायला पुढं मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. डोक्याला टाके पडले.

दोन दिवसांनी कॅशियरबाई दवाखान्यात आली. हातात सफरचंदं. मी तिथंच होतो. म्हणाली, "सर, मला फार वाईट वाटतंय. पण मी माझीच मुलगी नेली ना? आईचा जीव आहे, राहवतं का?"

मी म्हटलं, "तुमच्या बँकेत संध्याकाळी कॅश जुळली नाही तर तुम्ही घरी जाता का?"

"तो विषय वेगळा आहे."

"हो. तिथं नोटा असतात."

ती मावशीकडं वळली. "मावशी, चुकलं माझं."

मावशीनं सफरचंदांकडं पाहिलंसुद्धा नाही. "ताई, मी मागच्या दाराशीच पातेलं घाशीत होती. नुसता हात हलवला असता तरी झालं असतं. मी काय तुमची पोर धरून ठेवली असती?"

बाईनं सफरचंदांची पिशवी खाटेखाली ठेवली आणि गेली. मावशीनं ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला देऊन टाकली.

पुढच्या रविवारी पालकांनी बैठक मागितली. मला वाटलं, मावशीबद्दल बोलतील. बोलले फाटकाबद्दल. धक्का बसला की फाटक ताबडतोब उघडायचं, ज्यानं त्यानं आपलं मूल न्यायचं, असा त्यांचा ठराव तयार होता. मांडला त्या कारकुनानंच.

"तुम्ही फाटक बंद ठेवलंत म्हणूनच ती बाई मागून गेली," तो म्हणाला. "उघडं असतं तर पुढून नसती का नेली?"

"आणि मी मोजलं असतं कोणाला? तुम्हाला?"

"तुमच्याशिवाय काय मुलं वाढत नाहीत?"

"वाढतात की. घेऊन जा."

बायकोनं माझी बाही ओढली. मी थांबलो नाही. म्हटलं, "फाटक बंदच राहील. ज्यांना पटतं त्यांनी उद्या मुलं पाठवा. ज्यांना पटत नाही त्यांनी दप्तरं आजच न्या. आणि सात नंबर उद्यापासून नाही."

घरी आल्यावर बायको माझ्याशी भांडली. म्हणाली, "अहो, त्या पोरीनं काय केलं? तिला उचललं, ती गेली."

"पोरीनं काही केलं नाही. मी आईला काढलंय. पोरगी तिच्याबरोबर जाते, त्याला माझा इलाज नाही."

"तुम्हाला मुलांपेक्षा तुमचा नियम मोठा झालाय."

"नियमाखाली मावशी सापडली," मी म्हणालो. "त्या बाईला आता तो लहान करू द्यायचा का?"

जवळजवळ निम्मी मुलं गेली. कारकुनाचाही मुलगा गेला. महिन्याभरात बहुतेक परतली, कारण दुपारी साडेबारा ते संध्याकाळ मूल ठेवायला गावात दुसरी जागा नव्हती. माझ्यावर प्रेम उतू जात होतं म्हणून कोणी आलं नाही. कारकून आला तेव्हा माझ्याकडं न बघता बायकोशी बोलला. मी त्याच्या मुलाला त्याचा जुनाच नंबर दिला. मुलगा खूश झाला. बापाशी मी बोललो नाही.

जूनमध्ये मावशी परत आली. मधले महिने ती सायवनला भावाकडं होती. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. त्या वर्षी तिला भाताच्या लावणीला जाता आलं नाही, आणि पाण्याचा हंडा डोक्यावर घ्यायचा तर दुसऱ्यानं द्यावा लागायचा. डाव्या हातानं भाजी निवडायला शिकली होती. आतल्या कामाला आम्ही तिच्या भाचीला घेतलं होतं, पण मागचं दार तिनं पुन्हा स्वतःकडंच घेतलं.

त्याच आठवड्यात कॅशियरबाई मुलीला घेऊन आली. मुलगी आता तिसरीत. मधल्या काळात तिला शेजारणीकडं ठेवलं होतं, तिथं दिवसभर टीव्ही. "सर, चूक झाली. पुन्हा नाही होणार," बाई म्हणाली. मी नाही म्हणालो. ती पुन्हा म्हणाली, मी पुन्हा नाही म्हणालो.

मावशी ओट्यावर गवार निवडत होती. तिथूनच म्हणाली, "सर, पोरीला घ्या."

"का?"

"पोरीवर माझा राग नाय. पण हिनं फाटकाशी यायचं नाय. आणायला नाय, न्यायला नाय. बापानं यावं. ही इथं दिसली तर मी उठून घरी जाईन."

कॅशियरबाईचे डोळे भरले. "मावशी, मी तिची आई आहे."

"मना ठावं हाय," मावशी म्हणाली आणि गवारीचा पुढचा शेंडा मोडला.

बाईनं कबूल केलं. मला विचाराल तर ती स्वस्तात सुटली.

पावसाळ्यात धक्के कमी झाले, पण थांबले नाहीत. एका दुपारी चांगलाच मोठा बसला. मुलं पावसात गोलात उभी राहिली, गट पूर्ण झाले, मी फाटक उघडलं. पालक एकेक करून आले. सात नंबरचा बाप आला, त्यानं मुलीचा हात धरला. लांब वळणावर, चहाच्या टपरीच्या ताडपत्रीखाली, त्याची बायको स्कूटीशेजारी उभी होती. हेल्मेट काढलेलं नव्हतं. तिथून पुढं ती आली नव्हती, एवढं मी पाहिलं.

बाप जायला निघाला आणि थबकला. "सर, आता तरी तिला इथपर्यंत येऊ द्या. धक्का बसला की तिची काय हालत होते, तुम्हाला माहीत नाही. किती दिवस हे?"

"माझा नियम नाही तो," मी म्हणालो. "मावशीचा आहे. आत आहे ती. विचारा जाऊन."

त्यानं मागच्या दाराकडं पाहिलं. मावशी तिथं उभी होती, डावा हात चौकटीला लावून, आणि त्याच्याकडंच बघत होती. त्यानं मुलीला उचललं, छत्री उघडली आणि टपरीकडं चालायला लागला.