माहेरचा खाना

"तुमच्या गावात या रक्ताचं कोणीच नाही," कॉम्प्युटरवरचा बाबू म्हणाला. आत माझी सून बाळंत झाली होती आणि तिचं रक्त थांबत नव्हतं. गट ओ निगेटिव्ह. दवाखान्यात होती ती एक पिशवी चढवून संपली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दोन तासांत रक्त देणारं माणूस आणा.

मी म्हटलं, "असं कसं? कामरगावची यादी मीच लिवली. या रक्ताच्या दोन बाया होत्या."

"मग नावं सांगा."

नावं आठवेनात. गावात रक्त तपासलं तेव्हा चौथी शिकलेली म्हणून वही माझ्याकडे दिली होती. ती वही केव्हाच रद्दीत गेली.

"आजी, इथं नाही म्हणजे नाही."

"तुह्या यादीत आमच्या गावची एक तरी बाई हाय का? ते पाह्य आधी."

त्यानं यादी खालीवर केली. सगळे पुरुष. मग त्यानं वहीवरून टाइप केलेली मूळ फाइल उघडली. तीत बाया होत्या. पुरुषांच्या ओळीत चार खाने होते: नाव, वय, फोन, रक्तगट. बायांच्या ओळीत पाच, कारण मी माहेरचं नावही लिहिलं होतं. आमच्या गल्लीत एकाच नावाच्या तीन बाया आहेत, माहेराशिवाय ओळखू येत नाहीत. फाइल तक्त्यात भरताना कॉम्प्युटरनं पाच खान्यांच्या ओळी सोडून दिल्या. तसं त्यानं दाखवलंही होतं म्हणे, बाबूनं वाचलं नव्हतं. अर्धी चूक माझी, अर्धी त्याची.

"पण माहेर कायले लिवलं, आजी?"

"तुह्या मायले माहेर नाही का? फोन लाव आता."

पहिली बाई लेकाकडे पुण्याला गेलेली. दुसरी मळ्यात मेथी उपटत होती.

"काकू, मंग हे मेथी कोन बांधन?"

"मी येऊन बांधीन. तू नीघ."

"तुह्या जुड्या ढिल्या असतात," म्हणाली आणि निघाली. जीपनं वेळेत पोचली. रक्त जुळवून पाहिलं, जुळलं, चढवलं.

पुढच्या आठवड्यात बाबूनं तक्त्यात माहेरचा एक खाना वाढवला आणि आमची फाइल पुन्हा भरली. मी शेजारी बसून बघितलं. बाया सगळ्या आल्या. मेथीच्या जुड्याही मी बांधून दिल्या, घट्ट.

सून जगली. तिची मुलगीही जगली.