दाजींची राहती गाडी

दाजी कुठलीही वस्तू घेण्याआधी तिच्यावर आडवे व्हायचे. पलंग, सोफा, सतरंजी इथपर्यंत ठीक होतं. पण उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात त्यांनी एकदा जेवणाच्या टेबलावर पाठ टेकली होती. दुकानदार धावत आला तेव्हा उठायचे कष्ट न घेता त्याला म्हणाले, "पाहुणे जास्त झाले तर एक जण इथं झोपेल का, एवढंच बघत होतो." दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. अंबरनाथच्या एका कारखान्यात मशीनवर त्यांचं आयुष्य गेलं. तिथे त्यांचं काम केसाइतकंही चुकत नसे, असं त्यांचे सोबती सांगतात. फाटकाबाहेर आल्यावर मात्र या माणसाकडे एकच माप शिल्लक राहायचं : इथं किती माणसं मावतील?

बदलापूरच्या शिरगावातला त्यांचा फ्लॅट या मापानं फार मोठा होता. खोल्या दोन, पण दाजींच्या हिशोबात अख्खी चामटोली त्यात मावायची. चामटोली हे त्यांचं गाव, बदलापूरपासून जवळच. इतकं जवळ, की मुक्कामाला राहायचं कुणाला कारण नव्हतं. तरी लोक राहायचे. कुणाची सकाळी लवकर परीक्षा, कुणाची डॉक्टरकडे तारीख, कुणाचं बायकोशी भांडण. भीमजयंतीच्या आठवड्यात तर चपलांची रांग जिन्यापर्यंत यायची. "माणसं येतात म्हणजे घर जिवंत आहे," असं दाजी सोफ्यावर मांडी घालून म्हणायचे. त्या जिवंत घराच्या भाकऱ्या ताई थापायची. दाजींचं आदरातिथ्य हे असं होतं : 'या, बसा' त्यांचं, पुढचं सगळं ताईचं.

तर हे दाजी निवृत्त झाले आणि मोबाईल बघायला लागले. कुणी गोरं जोडपं गाडीतच घर करून वर्षानुवर्षं फिरतं, त्यांची कुत्री खिडकीतून समुद्र बघते, असले व्हिडिओ. एका रविवारी मी अंबरनाथहून त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "आपण राहती गाडी घ्यायची. पहिलं नागपूर, मग सांची, सारनाथ, बोधगया. तिथून पुढे रस्ता नेईल तिकडे."

"आणि हे घर?" मी विचारलं.

"भाड्यानं देऊ. गाडी हेच घर. कायमचं."

हे तो माणूस बोलत होता ज्याचं पोट परगावच्या पाण्यानं दुसऱ्या दिवशी बिघडतं. ताईनं मोबाईल हातात घेतला, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "ती बाई कणीक कुठं मळते ते दाखवा."

"ते लोक ब्रेड खातात गं."

"मग मला कशाला दाखवताय?"

ताईचा नकार मला त्यात स्पष्ट ऐकू आला. तिचे गुडघे दुखतात. वाकून चालायला लावणाऱ्या पत्र्याच्या डब्यात हिला घेऊन हा माणूस देशभर हिंडणार, आणि दमून परत आले की शिरगावात दार उघडायला तिसरंच कुणी असणार. माझ्या बहिणीचं घर जाऊ द्यायचं नाही, एवढं मी त्याच दिवशी ठरवलं.

मी कुठलंही काम यादी करून करते. दाजींना सरळ नाही म्हटलं तर ते हट्टाला पेटतात, म्हणून मी त्यांना चार प्रश्न लिहून दिले. गाडीत ताठ उभं राहता येतं का? पाय पसरून झोपता येतं का? रात्रीची सोय आतच आहे का? आणि रोजच्या रस्त्यावर ती वळते का, लावायला जागा मिळते का? या चारांत कुठलीही गाडी नापास होईल, अशी माझी खात्री होती. दाजींनी कागद वाचला, खिशातून पेन काढलं आणि खाली पाचवा प्रश्न लिहिला : चहाला किती जण बसतील?

गाड्या बघायला आम्ही तिघं उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेलो. तिथे एका सिंधी शेठचं गॅरेज आहे, जुन्या गाड्यांना नवी बॉडी बांधून देतात. शेठनं पहिली दाखवली ती शाळेची मुलं नेतात तसली छोटी व्हॅन. दाजी सवयीप्रमाणे आत जाऊन आडवे झाले. पाय मागच्या दारातून बाहेर. "चप्पल काढावी लागणार नाही, ही एक सोय आहे," मी म्हटलं. दुसरी लग्नाच्या वऱ्हाडाला लावतात तसली लांबट गाडी. छप्पर थोडं उंच केलं की माणूस उभा राहील, पाठीमागे पलंग, मध्ये ओटा, कोपऱ्यात पडदा लावून संडासाची सोय. चार प्रश्नांत ती जवळजवळ पास झाली, म्हणून मी तिच्याकडे फार बघितलं नाही.

दाजींनीही बघितलं नाही. त्यांची नजर कोपऱ्यातल्या बसवर होती. कुठल्याशा कंपनीची, कामगार नेणारी, रंग उडालेली. दाजी आत चढले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हात करत निघाले. "इथं चौघं, इथं चौघं, वर फळी टाकली की दोघं. पोरं खाली मध्ये."

शेठ कपाळाला हात लावून म्हणाला, "अंकल, घर बना रहे हो के धरमशाला? ये लेके अपने गांव में घुसोगे तो रिव्हर्स में ही निकलोगे."

"पाहुणे आले तर?"

"दाजी," मी म्हटलं, "बोधगयेला तुमच्याकडे कोण पाहुणा येणार आहे?"

"कुणीतरी ओळखीचं निघतंच."

"आणि नाही निघालं तर?"

"तर करून घेऊ ओळख."

मी शेठकडून तिन्ही गाड्यांची लांबी-रुंदी घेतली. शिरगावच्या हॉलमध्ये रंगीत चिकटपट्टी लावून गाडी आखायची, आणि आठवडाभर दोघांनी त्या पट्टीच्या आत राहून दाखवायचं, अशी माझी अट. न्हाणीघर तेवढं बाहेरचं वापरायचं, बाकी घर नाही असं समजायचं. बस हॉलमध्ये मावली नाही. तिचं नाक स्वयंपाकघरात आणि शेपूट बाल्कनीत जात होतं. तेव्हा वऱ्हाडाची गाडी आखली. ताईनं पट्टीच्या आत एक शेगडी ठेवली, दोन ताटं ठेवली आणि गादी टाकली. दोन दिवसांत ती वैतागून पट्टी ओलांडेल, दाजी तोंडावर पडतील आणि विषय मिटेल, हा माझा अंदाज.

दाजींनी त्या आठवड्याचा तमाशा केला. बिल्डिंगमधलं कुणी बघायला आलं की हे हातानं काच सरकवल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "बोला. दार मागच्या बाजूला आहे." खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना त्यांनी पट्टीच्या पलीकडे उभं करून चहा दिला आणि विचारलं, "हवा कशी आहे तुमच्याकडे?" मास्तरही तसलेच. म्हणाले, "ट्रॅफिक आहे." दोन म्हातारे एका चिकटपट्टीच्या दोन बाजूंना उभे राहून हसत होते, आणि ताई त्या चिंचोळ्या जागेत कुकरची शिट्टी मोजत होती.

त्याच आठवड्यात चामटोलीहून दाजींचा पुतण्या आला, बायकोला घेऊन. मी त्या संध्याकाळी तिथेच होते. काम नेहमीचंच, दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी काहीतरी. दाजी "या, या" म्हणाले आणि मग गादीकडे, ओट्याकडे, परत गादीकडे बघत उभे राहिले. जागा कुठेच निघेना. पुतण्या हसला. "काका, आमी भायेर झोपतो ना. हॉल तं मोकलाच हाय."

ताईनं शेगडीवरून मानही वर केली नाही. म्हणाली, "तिथं झोपता येणार नाही. तिथं हायवे आहे."

पुतण्या मोठ्यानं हसला. दाजीही हसले. ताई हसली नाही. भाजी हलवत ती म्हणाली, "जेवून जा. रात्रीची रिक्षा मिळते." दोघं जेवून खरंच परत गेले. त्यांना घरी पोचायला अर्धा तासही लागला नसेल, पण इकडे जगबुडी झाली असं तोंड करून दाजी बसले होते.

आठवडा संपल्यावर मी चिकटपट्टी उचलायला गेले. ताई पट्टीच्या आत बसून लसूण सोलत होती. मी म्हटलं, "झालं ना? आता मी त्यांना सांगते, ही गाडी चालणार नाही."

"नाहीच चालणार," ताई म्हणाली. "मोठी आहे."

"काय?"

"लहान बघ जरा. दोघांपुरती. तिसरा आत आला तर त्याला बसता येऊ नये, अशी."

"ताई, मी तुझं घर जाऊ नये म्हणून एवढं सगळं करतेय."

"तुला कुणी सांगितलं मला हे घर हवंय म्हणून?" तिनं लसणाची वाटी बाजूला ठेवली. "आठ दिवस मी दोन माणसांचं जेवण केलं. दुपारी झोपले. बेल वाजली तर वाजली."

दाजी आतल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी ऐकलं होतं. "म्हणजे माझी माणसं तुला नकोच होती इतकी वर्षं?"

"माणसं चांगली आहेत हो तुमची," ताई म्हणाली. "पण एकाची तरी चादर तुम्ही कधी धुतलीत?"

बोधगयेत ओळख काढायला निघालेले दाजी खाली वाकून गादीवरची चादर सारखी करायला लागले. पुढे बरेच दिवस ते ताईशी मोजकं बोलायचे आणि विहारात जाऊन तिथल्या सतरंजीवर उगाच बसून राहायचे. मला वाटलं, आता गाडीचं खूळ जाईल. पण ते गेले कॅम्प चारला, आणि यावेळी ताईला घेऊन.

शेठनं छोट्या व्हॅनपेक्षा थोडी मोठी, वऱ्हाडाच्या गाडीपेक्षा बरीच आखूड अशी एक सामानाची गाडी काढून ठेवली होती. छप्पर उंच. ताई आत ताठ उभी राहिली, डोक्याच्या वर हात फिरवून किती जागा उरते ते बघितलं. पलंग रुंदीत बसवायचा ठरला, कारण दाजींची उंची बेताची आहे आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिचा काहीतरी उपयोग होत होता. दाजींनी दाराशी एक घडीची सीट काढून दाखवली, "असू दे, कधी लागली तर." ताईनं त्या जागी पाण्याची टाकी घ्यायला सांगितली. आंघोळ, भांडी, पिणं, सगळं त्या टाकीवर, ती लहान ठेवून चालत नाही, हे तिचं म्हणणं मला पटलं. शेठ मिश्कील आहे. त्यानं दाजींना विचारलं, "अंकल, अब गेस्ट आया तो?"

"नाही येणार," दाजी म्हणाले, नोकरीवरून काढल्यासारखे.

ते गेले तेव्हा सगळी बिल्डिंग खाली उतरली होती, चामटोलीहूनही बरीच मंडळी आली होती. फ्लॅट एका नवीन जोडप्याला भाड्यानं दिला होता. ताई पुढच्या सीटवर पट्टा लावून बसली होती, कधीपासून कोण जाणे. दाजी मात्र प्रत्येकाला बाजूला नेऊन हळू आवाजात काहीतरी सांगत होते. निरोप घेतायत, असं मला वाटलं. मग त्यांनी गाडी मागे घेतली, गेटच्या खांबाला घासली, आणि "जय भीम" म्हणून निघून गेले.

ताईचे फोन येतात. सांचीला ती म्हणे नऊ वाजता उठली. दाजी पोहे करतात, कच्चे राहतात, ती खाते. गाडीचं माप बरोबर निघालं, असं तिचं मत आहे.

मध्यंतरी एका सकाळी माझी बेल वाजली. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून मी एकटीच असते, सकाळी माझ्याकडे कुणी येत नाही. दारात चामटोलीची एक म्हातारी, दाजींची लांबची चुलती. हातात पिशवी, पिशवीत काकड्या. "डोल्याचा आपरेशन हाय," ती म्हणाली. "त्यानी सांगलान, शिरगावला नको जाव, आता हितंच उतरायचा." आणि माझ्या काखेखालून आत आली.

मी दाजींना फोन लावला. ते अजिबात गडबडले नाहीत. "पोचली का? छान. अगं, तुझी एक खोली बंदच असते."

"तुम्ही कुणाकुणाला सांगितलंय हे?"

"गावात सगळ्यांनाच. माणसांनी जायचं कुठं?"

"आणि मला विचारायचं नाही?"

"तू नाही म्हटलं असतंस."

ताईनं त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. "ऐक," ती म्हणाली, "आत्ताच सांग तिला. दार लावून घे. मला कधी जमलं नाही, तुला जमेल. तू कडक आहेस."

"बघते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दार अजून उघडंच होतं. मी ते लावून घेतलं. म्हातारी आतच होती. तिनं पाय धुतले होते, ओल्या पावलांचे ठसे माझ्या स्वच्छ फरशीवरून स्वयंपाकघरात गेले होते, आणि तिथून भांड्यांचा आवाज येत होता.

"च्यात साकर कवरी टाकू गो बाय?" तिनं विचारलं.

तिला नीट दिसत नव्हतं. मी डबा दाखवायला आत गेले.