जवाईबापूकडे फिरवलेला डबा

भजनाला बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त काय ऐकू येतं, असं विचारलं तर लोक म्हणतील, स्वतःचा आवाज. साफ खोटं. सतरंजीवर पेटी घेऊन बसलं की पेटीचा सूर बराचसा भात्याबरोबर समोरच्यांकडे निघून जातो. आपल्या वाट्याला येते पट्ट्यांची टकटक, भात्याची फुसफुस आणि शेजारच्याचा खोकला. तबला कानापेक्षा मांडीला आधी कळतो. आणि डाव्या हाताला बुवा बसलेले असतात, त्यांचा श्वास. पुढची ओळ ते केव्हा उचलणार हे मला त्या श्वासावरून समजतं. एकोणीस वर्षं मी तो ऐकत आलोय. बायकोच्या श्वासाची एवढी ओळख नाही, असं मी एकदा घरात बोलून गेलो आणि मग दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं.

बुवा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामाजी म्हणतो. मी मूळचा धनजकडचा. घरी आम्ही चार भाऊ आणि शेत बेताचं. इकडे शिरपूर जैनजवळच्या या गावात मामाजींची एकुलती एक मुलगी, सात एकर शेत आणि पिठाची गिरणी. लग्नानंतर वर्षभरात मी इकडेच राहायला आलो. घरजावई असं मला कुणी तोंडावर म्हटलं नाही. गावातली बारीक पोरंसुद्धा जवाईबापू म्हणतात. जावयाचा मान असा असतो की तुम्हाला कुणी शिवी देत नाही आणि काही विचारतही नाही. पेरणीला काय घ्यायचं हे मामाजी ठरवायचे आणि मग मला मानाने सांगायचे.

पेटीही त्यांनीच शिकवली. माणूस म्हणून त्यांच्यात वाईट काही नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बरीच कुरकुर करणार आहे. आवाज असा की माइक नसताना देवळाच्या पायरीवर बसलेल्याला शब्द न् शब्द कळायचा. त्यांचा सूर काळी दोन, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी. सगळ्या मंडळाला तो ठाऊक, तबला त्यालाच लावून ठेवलेला.

पण तीस-पस्तीस वर्षं त्यांनी गिरणी चालवली. तो पट्ट्याचा आवाज, तो खडखडाट, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कान एकदम गेले नाहीत. थोडे थोडे गेले. त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलं नाही, कारण गिरणीवर तसंही सगळे ओरडूनच बोलत.

मला ते भजनात कळलं. पहिला चरण ठीक जायचा. अंतऱ्याला आवाज वर चढायचा, तोही ठीक. तिथून खाली येताना मात्र पायरी चुकल्यासारखं व्हायचं आणि मामाजी काळी दोनऐवजी तिच्या शेजारी, पांढरी दोनवर येऊन उभे राहायचे. अर्धा सूर खाली. पहिल्या वेळी मी माझ्या जागीच राहिलो. भजन संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"जवाईबापू, पेटी चढून राह्यली. भाता सांभाळा."

आता पेटी कुठे चढणार? लाकडाचं खोकं आणि आत पितळेच्या पट्ट्या. पण जावयाने सासऱ्याला हे सांगायचं कसं? मी "हो मामाजी" म्हटलं आणि पुढच्या भजनापासून ते उतरले की मीही उतरू लागलो. सांगायला सोपं आहे. काळी दोनवरून पांढरी दोनवर जायचं म्हणजे चालत्या भजनात सगळी बोटं नव्या जागी न्यायची, तीही कुणाला खटका लागू न देता. कधी ते दोन पट्ट्यांच्या अधेमधेच थांबायचे. तिथे पेटीत जागाच नाही. मग मी भाता हळू करून टाळांच्या आवाजात लपायचो.

तबलजी माझ्याच वयाचा, बेरका माणूस. त्याने काही न विचारता ओळखलं. मामाजी उतरले की तो तबल्याची किनार सोडून द्यायचा आणि बंद बोल वाजवायचा, म्हणजे तबल्याचा सूर उघडा पडत नसे. मागे म्हणणारे तर पेटीच्याच मागे येतात. सगळेच एकदम खाली आले तर उतरलं कोण, हे समोरच्याला कळायला मार्ग नाही. यावर आमच्या मंडळात एकदाही बोलणं झालं नाही. सगळे मूग गिळून बसले आणि ते सांभाळण्याचं काम माझ्या बोटांवर आलं.

एकदा भावाच्या घरभरणीला मी धनजला गेलो. माझ्या जागी शेजारच्या गावचा पेटीवाला बसला. तो बिचारा काळी दोन सोडून हलला नाही. मामाजींनी भजन मध्येच थांबवलं, त्याला चारचौघांत झापलं, आणि मी परतल्यावर ओट्यावर बसलेल्या लोकांना अभिमानाने म्हणाले, "आपल्याले जवाईबापूशिवाय दुसरा पेटीवाला चालत नाही." लोकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मला मात्र बाहेरून कडी लावल्यासारखं वाटलं. त्यानंतर मी ताप असला तरी गेलो, बहिणीच्या हळदीतून उठून गेलो, एकदा तर पायाला प्लास्टर असताना मला ट्रॅक्टरवर बसवून नेलं.

मला फक्त एक गौळण म्हणायची होती. बुवाच्या जागी बसून, पुढे होऊन, एकच. चाल मीच लावली होती. फवारणीचा पंप पाठीवर असताना सोयाबीनच्या ओळींमधून मी ती म्हणायचो. पंपाच्या घरघरीत कुणाला ऐकू जात नसे. घरी म्हटली की स्वयंपाकघरातून बायको ऐकायची. बापाचा सुराचा जुना कान तिला जसाच्या तसा आला आहे, फक्त तिला मंडळात बसवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती मला एक दिवस म्हणाली, "तुमचा सूर उतरत नाही. बाबाचा उतरते."

हे वाक्य मोठ्याने बोलणारी आमच्या गावात ती एकटी. तिला वडिलांना वाशिमला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. मशीन लावलं तर ऐकू येईल, तुमचीही सुटका होईल, असं ती म्हणायची. मामाजी तिला उडवून लावायचे. गाणाऱ्या माणसाचा कान खराब असला असता तर सूर लागला असता काय, असं त्यांचं म्हणणं. त्याला उत्तर माझ्या बोटांत होतं आणि ते मी देत नव्हतो.

दोन वर्षांपूर्वी मानोऱ्याला भजन स्पर्धा होती. प्रत्येक मंडळाला एक अभंग आणि एक गौळण. आठवडाभर आधी जेवताना मामाजी अचानक म्हणाले, "यंदा गौळण तुमी म्हना, जवाईबापू. माह्या तब्येतीनं दोन होत नाही." माझा घास हातातच राहिला. बायकोने ताटाकडे पाहत हसू लपवलं. तो आठवडा मी हवेतच होतो. तिने माझा पांढरा कुर्ता दोनदा इस्त्री केला.

स्पर्धा दुपारची, मंगल कार्यालयात. स्टेजवर आम्ही आजवर कधी न पाहिलेली गोष्ट होती. गाणाऱ्याच्या समोर, त्याच्याकडेच तोंड करून ठेवलेला एक काळा डबा. साउंडवाल्याने सांगितलं, हा मॉनिटर, यातून तुमचा आवाज तुम्हालाच ऐकू येतो. आमच्या देवळावरचा भोंगा सगळा आवाज गावाकडे पाठवतो, गाणाऱ्याकडे काही परत येत नाही. मामाजींना डब्याचं नवल वाटलं. ते त्याच्या अगदी जवळ सरकून बसले.

माइक तपासायला साउंडवाल्याने मला एकच पट्टी दाबून धरायला सांगितली. मी काळी दोन दाबली. मग तो मामाजींना म्हणाला, बुवा, थोडं म्हणा. त्यांनी अभंगाचा चरण उचलला, अंतऱ्याला गेले, आणि खाली आले. मी हललो नाही, कारण मला पट्टी धरायला सांगितली होती. त्या पहिल्या वेळेनंतर एवढ्या वर्षांत प्रथमच ते पांढरी दोनवर आले आणि मी काळी दोनवरच होतो, आणि ते सगळं त्या डब्यातून हातभर अंतरावरून त्यांच्या तोंडावर आलं. इतक्या जवळून, इतक्या जोरात त्यांनी कित्येक वर्षांत काही ऐकलं नसावं.

ते थांबले. डब्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"हे कोन बेसूर गाऊन राह्यलं?"

स्वतःचा आवाज त्यांनी ओळखलाच नव्हता. त्यांच्या डोक्यात त्यांचा आवाज अजून जुनाच होता, आणि डब्यातला माणूस कुणी परका. तबलजी हातोडी शोधू लागला. मागचे सगळे सतरंजी पाहू लागले. साउंडवाला हसला आणि म्हणाला, "बुवा, तो तं..."

माझ्याही समोर गौळणीसाठी माइक होता. आणि मला मामाजींचा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यावर रागापेक्षा भीती जास्त होती. गिरणी बंद पडून चार वर्षं झाली होती. शेत मी पाहत होतो. त्यांच्याकडे हे एवढंच उरलं होतं.

"मी होतो, मामाजी," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा सैल झाला. मला त्यांची दया आली, आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःची चीड आली, कारण पुढे काय येणार ते मला दिसलं. जावयाला चारचौघांत बोलायचं नाही म्हणून त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि शक्य तेवढ्या हळू बोलले. त्यांचं हळू म्हणजे शेवटच्या खुर्चीपर्यंत.

"राहू द्या. गौळण मीच म्हनतो. तुमी पेटी पाहा." मग साउंडवाल्याला म्हणाले, "हा डबा जवाईबापूकडे फिरवा. त्याइले ऐकू येऊ द्या, कुठी उतरून राह्यले ते."

साउंडवाल्याने माझा माइक काढून नेला आणि डबा माझ्याकडे फिरवला. पंधरा मिनिटं मी ऐकत राहिलो. आधी त्यांचा श्वास ऐकू यायचा, टाळ ऐकू यायचे, खोकला ऐकू यायचा. आता फक्त त्यांचा आवाज, छातीत घुसेल असा. माझी गौळण त्यांनी आठवडाभर तालमीत ऐकलेल्या माझ्याच चालीत म्हटली, आणि ते उतरले तिथे तिथे मी उतरलो. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांनी पेटीची साथ उत्तम म्हणून खास नाव घेतलं. परतताना गाडीत मामाजी खूश होते. "पाहा, गायचा नाद सोडला त् केवढं नाव झालं तुमचं."

घरी आल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं. "काहून म्हटलं तुमी, मी होतो म्हनून?" मी कुर्ता काढून खुंटीला टांगला. तिने महिनाभर वाट पाहून पुन्हा वाशिमचा विषय काढला. मामाजी हसले. "मले कायले मशीन? सूर तं जवाईबापूचा उतरते. त्याइनं कबूल केलं." ती माझ्याकडे पाहत राहिली. मी तेव्हाच खरं बोलावं असं तिला वाटत होतं. बापलेक दोघं समोर होते, बाहेरचं कुणी नव्हतं. मी पाण्याचा तांब्या उचलून अंगणात गेलो. ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या सप्ताहाला देवळासाठी तसलाच डबा आला. तो मंडळाच्या पेटीबरोबर माझ्याच ताब्यात असतो. मीच उचलून नेतो, मीच वायर जोडतो आणि माझ्याच समोर ठेवतो. दर गुरुवारी आणि एकादशीला तो मला मामाजी ऐकवतो. माइक मला परत मिळाला नाही. मागे म्हणणाऱ्यांबरोबर ओठ हलले तरी मामाजी मान वळवून पाहतात, मायेने, आजारी माणूस पथ्य पाळतो की नाही हे पाहावं तसं. सोडून जावं असं कितीदा वाटलं. पण मी सोडलं तर तिसऱ्या भजनात सगळं उघडं पडेल, आणि तेव्हा त्यांना दोन गोष्टी एकदम कळतील. माझ्या खोटेपणाची मला आता त्यांच्या बहिरेपणापेक्षा जास्त धास्ती आहे.

गेल्या आठवड्यात दुपारी मामाजी देवळात गेले होते. समोरच्या खोलीत मी एकटाच होतो. पेटी काढली. डबा गोठ्याजवळच्या खोलीत कुलपात होता. दोन वर्षांनी मी काळी दोन धरून माझी गौळण म्हणायला घेतली. आवाज थोडा जाड झाला होता, पण लागला. अंतऱ्याला वर गेलो, डोळे मिटून खाली आलो, आणि शेवटपर्यंत म्हटली. कुठे खटकलं नाही. पेटी आणि गळा एक होऊन चालले होते. बऱ्याच दिवसांनी मला छान वाटलं.

बायको चहा घेऊन बाहेर आली. ट्रेमध्ये दोन कप होते, एकाखाली बशी. बशीतून चहा आमच्या घरात फक्त मामाजी पितात. तिने खोलीभर पाहिलं, मग दाराकडे.

"बाबा कुठी गेले? आता तं गाऊन राह्यले होते."

मी खाली पाहिलं. माझं बोट पांढरी दोनवर होतं.