टेपर करून बंद

आमच्या घरात सध्या 'शांत राहा' हे दोन शब्द उच्चारायला बंदी आहे. बंदी मी घातली आहे. जो उच्चारेल त्याला चहा मिळत नाही. माझ्या नणंदेला दोनदा मिळालेला नाही.

कारण सांगते. राग आला की मला धड क्रमाने सांगता येत नाही असं आमचे हे म्हणतात. बघू या.

हे टर्नर आहेत. एकतीस वर्षं एकाच कारखान्यात, एकाच लेथवर. लोखंडाचा गज लेथवर गरगर फिरतो आणि हे त्याला हत्याराने आकार देतात. त्यातही ह्यांचा हात बसलेला तो टेपरवर. टेपर म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाकडे सारख्या उताराने निमुळता होत जाणारा भाग. उतार केसभर चुकला तरी माल भंगारात. ह्यांचा चुकत नाही, म्हणून कारखान्यात सगळे ह्यांना 'मायक्रॉन' म्हणतात. घरीही तेच. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं लागलंय हे ह्यांना दारातून दिसतं, आणि माझा नवा चष्मा आठ दिवस दिसत नाही.

सात वर्षांपूर्वी ह्यांना छातीत धडधड सुरू झाली, रक्तदाबही वाढलेला निघाला. तेव्हापासून रोज सकाळी एक पांढरी गोळी. गोळीने काम चोख केलं. गेल्या वर्षापासून मात्र तिने ते जरा जास्तच मनावर घेतलं. ह्यांची बोटं गार पडू लागली, जिना चढताना पाय जड व्हायचे, पेपर वाचता वाचता मान खाली. डॉक्टरांनी नाडी मोजली, ती अठ्ठेचाळीस भरली.

"ही गोळी आता बंद करू या," डॉक्टर म्हणाले. "रक्तदाबासाठी दुसरी देतो. काम काय करता?"

"टर्नर. टेपरचं काम," हे म्हणाले.

"अरे वा," डॉक्टर म्हणाले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. खांद्यात फोन धरून त्यांनी चिठ्ठी लिहिली, फाडली, आमच्या हातात दिली आणि दाराकडे मान हलवली. आम्ही उठलो.

मी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. बावीस शिक्षकांची बावीस वळणांची अक्षरं रोज वाचते, त्यामुळे डॉक्टरांचं अक्षर मला बसमध्येच लागलं. नव्या गोळीचं नाव, जुन्या गोळीपुढे 'बंद', आणि त्याच्या शेजारी इंग्रजीत एकच शब्द : टेपर.

"अहो, हे बघा, तुमचं काम लिहून घेतलंय," मी म्हणाले.

हे खिडकीबाहेरच बघत राहिले, पण कान लाल झाले. सात वर्षांत ह्यांचं रक्त, लघवी, वजन सगळं लिहून झालं होतं. काम पहिल्यांदाच कोणी लिहून घेतलं होतं. मला तर इतका आनंद झाला की चिठ्ठी घडी न घालता पर्समध्ये ठेवली.

सोमवारी जुनी गोळी बंद, नवी सुरू. मंगळवारी हे शीळ घालत जिना चढले. बुधवारी सकाळी कपबशी वाजायला लागली. मला वाटलं ट्रक गेला. ट्रक कुठला, ह्यांचा हात होता.

मग दिवसागणिक चढतच गेलं. बसल्या जागी घाम, काही न करता काळीज उडणं, डोकं ठणकणं. आणि राग! उभ्या आयुष्यात ज्या माणसाने माझ्यावर आवाज चढवला नाही तो नळ ठिबकतो म्हणून माझ्यावर ओरडला, आणि मग स्वतःच बाथरूममध्ये जाऊन बसला. नणंद फोनवर म्हणाली, "त्याला म्हणावं शांत राहा." शेजारी म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." सल्ल्यांना काही तोटा नव्हता. नाडी कोणी बघितली नाही. मीही नाही.

गुरुवारी ह्यांच्या हातून एक स्पिंडल, म्हणजे यंत्रात फिरणारा निमुळता दांडा, वाया गेलं. एकतीस वर्षांत पहिलं. फोरमन आमच्या मुलीच्या वयाचा, ह्यांना काका म्हणतो. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, वय झालं आता. तुम्ही स्टोअरला बसा. शांत राहा."

हे स्टोअरला बसले. नटबोल्ट मोजत.

शनिवारी डबा भरताना ह्यांच्या पिशवीत एक कागद सापडला. राजीनामा. खाडाखोड न करता ह्यांना सरळ ओळही लिहिता येत नव्हती, चार वेळा 'आपला विश्वासू' खोडलं होतं. माझ्या डोक्यात सणक गेली.

"हे काय आहे? मला विचारलंत?"

"हात गेले माझे," हे म्हणाले. "हात गेलेल्या टर्नरला कोण ठेवतं?"

"गेले म्हणजे कुठे गेले? आठ दिवसांपूर्वी होते ना?"

हे उत्तर द्यायला उठले आणि छातीवर तळवा दाबून पुन्हा बसले. तोंड पांढरंफटक. शेजाऱ्यांच्या गाडीत घालून ह्यांना त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं.

नाडी एकशे बावीस. रक्तदाब सांगताना नर्सने आवाज खाली घेतला. छातीचा आलेख काढला, तो दोनदा बघून डॉक्टर म्हणाले, "हृदयाला इजा दिसत नाही. थोडक्यात निभावलं." मग खुर्ची ओढून त्यांनी विचारलं, "जुनी गोळी कशी कमी केलीत?"

"कमी नाही, बंद," हे म्हणाले. "सोमवारपासून. तुम्हीच म्हणालात."

"अहो, एकदम? मी टेपर करायला सांगितलं होतं. लिहूनही दिलंय."

मी पर्समधून चिठ्ठी काढली. तिघांनीही त्या शब्दाकडे बघितलं.

"ते माझं काम आहे," हे म्हणाले.

डॉक्टरांना काही कळेना. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी समजुतीच्या सुरात विचारलं, "टेपर म्हणजे काय ते ठाऊक नाही का तुम्हाला?"

एकतीस वर्षं! मी उठून उभी राहिले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दाराशी आली होती. "टेपर ह्यांना तुम्ही शिकवणार? काम विचारलंत ना? मग ऐकलंत का? 'एकदम बंद करू नका.' चार शब्द! तेवढे बोलायला तुमचं तोंड दुखत होतं? आणि ह्या माणसाने राजीनामा लिहिला!"

नर्स म्हणाली, "ताई, शांत राहा." बंदी तिथूनच सुरू झाली.

हे मात्र पडल्या पडल्या, थरथरत्या हाताने हवेत आकार काढत बोलू लागले. "टेपर म्हणजे मोठ्या व्यासाकडून लहान व्यासाकडे, सारख्या उताराने. मध्ये पायरी आली की माल गेला."

"हेच," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "गोळीचंही हेच, हळूहळू कमी करत आणायची. सात वर्षं गोळी धडधड दाबून धरत होती. गोळी एकदम काढली की ती सगळी धडधड उसळून वर येते. तुमचे हात गेलेले नाहीत. तुम्हाला पायरी लागली."

"मग हे असं सांगायचं ना!" हे इतक्या जोरात ओरडले की यंत्रावर नाडीचा आकडा वाढला.

डॉक्टरांनी माफी मागितली. सरळ मागितली, एवढं मी त्यांच्या बाजूने लिहिते. गोळी पुन्हा सुरू झाली. चार दिवसांत कपबशी गप्प बसली. मग डॉक्टरांनी वेळापत्रक दिलं : ही गोळी तोडून चालते, सगळ्या गोळ्या चालत नाहीत, आधी पाऊण, मग अर्धी, मग पाव, प्रत्येक टप्पा दोन आठवडे, रोज नाडी लिहायची, त्रास झाला तर पुढे सरकायचं नाही, फोन करायचा.

ह्यांनी राजीनाम्याचा कागद घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्या गोळीचं ड्रॉइंग काढलं. लांबी सहा आठवडे, मोठा व्यास एक, लहान व्यास शून्य. ते स्वयंपाकघरात लावलं, सरळ. रोज सकाळी मी घड्याळ लावून नाडी मोजायची आणि ह्यांनी माझ्या मोजण्यात चूक काढायची. पाव गोळीवर आलो तेव्हा पुन्हा दोन दिवस घाम आणि चिडचिड. ड्रॉइंगवर बोट ठेवून हे म्हणाले, "इथे पायरी आलीय." फोन केला, डॉक्टरांनी पाव गोळी आणखी दोन आठवडे ठेवली. हे रागावले, पण यंत्रावर रागावतात तसे.

लेथ काही कोणी आपण होऊन परत दिलं नाही. फोरमनने अट घातली, एक स्पिंडल करून दाखवा. ह्यांनी केलं. तपासायच्या मापाला निळा रंग लावून ते टेपरवर बसवतात. उतार बरोबर असेल तर रंग सगळीकडे सारखा उमटतो. फोरमनने तीनदा फिरवून बघितलं. निळा रंग या टोकापासून त्या टोकापर्यंत होता. तो "सॉरी काका" म्हणाला असं ऐकते. मी असते तर तेवढ्यावर सोडलं नसतं.

पण खरी चीड माझी मलाच येते. डॉक्टर घाईत होते, ह्यांना अक्षर लागत नाही. मला लागतं. तो शब्द मी बरोबर वाचला होता. बरोबर वाचून, चुकीचा समजून, वर खूश झाले होते. आणि ज्याच्यासाठी खूश झाले ते त्या चिठ्ठीवर नव्हतंच. ह्यांचं काम कोणी लिहिलंच नव्हतं.

काल शेवटची तपासणी होती. नाडी बहात्तर, बोटं गरम. डॉक्टरांनी नवी चिठ्ठी घेतली, नाव लिहिलं, वय लिहिलं. हे पुढे वाकले आणि कागदावर बोट ठेवलं. बोट जराही हललं नाही.

"इथे काम लिहा माझं."

डॉक्टरांनी पेन उचललं. "टेपर टर्नर, ना?"

"नुसतं टर्नर लिहा," हे म्हणाले. "त्या दुसऱ्या शब्दाने घोळ होतो."